नऊ पैची त्रिमूर्ती, पंधरा रुपयांचं शत्रुंजय : वारसास्थळांची टपाल तिकिटं जमवताना नेमकं काय बघायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर एक पोस्ट दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरते. जुन्या टपाल तिकिटाचा फोटो आणि खाली ओळ: 'तुमच्याकडे हे तिकीट असेल तर तुम्ही लखपती आहात.' पोस्ट वाचून कुणी आजोबांचा अल्बम शोधून काढतो, दोन दिवस त्याचे फोटो ग्रुपवर टाकतो, भाव विचारतो. कुणी हजार रुपयेसुद्धा देत नाही हे कळलं की अल्बम परत माळ्यावर जातो, किंवा थेट रद्दीत.

गंमत म्हणजे त्याच अल्बममध्ये बऱ्याचदा खरोखर जपण्यासारखं काहीतरी असतं. ताजमहाल, सांचीचा स्तूप, कोणार्क, विजापूरचा गोलघुमट अशी चित्रं असलेली फिकट रंगांची छोटी तिकिटं. त्यांची किंमत लाखांत नसते. पण ती कधी निघाली, का निघाली आणि त्यांच्यावर काय छापलं गेलं, यात स्वतंत्र भारताने आपला वारसा कसा निवडला याची गोष्ट आहे.

राजा गेला, लेणी आली

१५ ऑगस्ट १९४९. स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती, पण भारत अजून प्रजासत्ताक झालेला नव्हता. कागदोपत्री इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज हाच राष्ट्रप्रमुख होता, आणि रोजच्या पत्रांवर लागणाऱ्या तिकिटांवरही त्याचाच चेहरा होता. स्वातंत्र्यानंतर तिरंगा, अशोकस्तंभाचं शीर्ष आणि गांधीजी यांची खास तिकिटं निघाली होती. पण नेहमीच्या वापराची, लाखोंच्या संख्येने खपणारी तिकिटं अजून जुनीच चालू होती.

त्या दिवशी टपाल खात्याने १६ तिकिटांची नवी मालिका आणली. संग्राहक तिला 'पुरातत्त्व मालिका' म्हणतात. एकाही तिकिटावर माणूस नव्हता. ना राजा, ना नेता. होत्या त्या लेणी, मंदिरं, स्तूप, मशिदीचा मिनार, गुरुद्वारा, किल्ला आणि कबर.

पूर्ण यादी बघण्यासारखी आहे. तीन पैला अजिंठ्याचा हत्ती, सहा पैला कोणार्कचा घोडा, नऊ पैला घारापुरीची त्रिमूर्ती. एका आण्याला बोधिसत्त्व, दोन आण्याला नटराज, तीन आण्याला सांचीचं पूर्व तोरण, साडेतीन आण्याला बोधगयेचं मंदिर, चार आण्याला भुवनेश्वरचं मंदिर. सहा आण्याला गोलघुमट, आठ आण्याला खजुराहोचं कंदरिया महादेव, बारा आण्याला अमृतसरचं सुवर्णमंदिर. मग रुपयाची तिकिटं: एक रुपयाला चितोडगडचा विजयस्तंभ, दोनला लाल किल्ला, पाचला ताजमहाल, दहाला कुतुबमिनार आणि सगळ्यात महाग १५ रुपयांना पालिताण्याचं शत्रुंजय.

तेव्हा बारा पैचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया होता. या हिशेबाने सोळाच्या सोळा तिकिटं पोस्टाच्या खिडकीवर घ्यायची तर ३५ रुपये ९ आणे लागत. १९४९ सालच्या कारकुनाला किंवा शाळामास्तरला ही चैन परवडणारी नव्हती. म्हणून जुन्या घरगुती अल्बममध्ये पै-आण्यांची तिकिटं सहज सापडतात, पण दहा आणि पंधरा रुपयांच्या जागा बहुतेक वेळा रिकाम्या असतात.

धर्मांचा तोल या यादीत उघड दिसतो. बौद्ध, हिंदू, जैन, शीख, मुस्लिम वास्तू जवळजवळ मोजून मापून बसवल्या आहेत. फाळणीला दोनच वर्षं झालेल्या देशात हे आपोआप झालं असं मानणं कठीण आहे. चर्च मात्र एकही नाही.

यातली दुसरी गोष्ट काळाच्या ओघात पुढे आली. युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२ चा, म्हणजे या मालिकेनंतर २३ वर्षांनी झालेला. १६ पैकी बोधिसत्त्व आणि नटराज ही शिल्पं बाजूला ठेवली तर १४ स्थळं उरतात. त्यातली दहा आज जागतिक वारसा यादीत आहेत: अजिंठा, ताजमहाल, कोणार्क, खजुराहो, घारापुरी, सांची, कुतुबमिनार, बोधगया, लाल किल्ला आणि राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत गेलेला चितोडगड. शेवटचं नाव यादीत यायला २०१३ साल उजाडलं. तीन पै ते पंधरा रुपयांच्या तिकिटांनी यादीचा अंदाज बराच आधी बांधला होता.

मराठी वाचकाला यात एक बारकावा सापडेल. आजच्या महाराष्ट्रातली दोनच स्थळं मालिकेत आहेत, अजिंठा आणि घारापुरी. त्यातलं अजिंठा १९४९ साली मुंबई प्रांतात नव्हतंच, ते हैदराबाद संस्थानाच्या मुलखात होतं. शिवकालीन किल्ला एकही नाही. आणि घारापुरीच्या मूर्तीला तिकिटावर 'त्रिमूर्ती' म्हटलंय. ब्रह्मा, विष्णू, महेश या अर्थाने हे नाव रूढ झालं, पण अभ्यासक ही मूर्ती शिवाचीच, सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणून ओळखतात. तिकीट ज्या काळात छापलं जातं त्या काळाची समजूत त्यावर कायमची राहते, ती अशी.

ही तिकिटं छापली गेली नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारताची तिकिटं प्रामुख्याने लंडनहून छापून येत. नाशिकचा छापखाना उभा राहिल्यावर ते काम इथे आलं.

वारसा कुणाचा? १९३१ आणि १९३५ चं उत्तर वेगळं होतं

भारतात तिकिटांवर वास्तू येण्याची सुरुवात स्वातंत्र्याआधीची. फेब्रुवारी १९३१ मध्ये नवी दिल्ली या राजधानीचं उद्घाटन झालं, त्यानिमित्ताने सहा तिकिटांचा संच निघाला. सगळ्यात स्वस्त, पाव आण्याच्या तिकिटावर पुराना किल्ला. पुढे चढत्या किमतीने युद्धस्मारकाची कमान म्हणजे आजचं इंडिया गेट, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचा वाडा आणि सचिवालय. जुन्या दिल्लीचा वाटा पाव आणा, बाकी सगळं राज्यकर्त्यांनी नुकतंच बांधलेलं.

चार वर्षांनी, मे १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली. या वेळी सात तिकिटं आली आणि प्रत्येकावर राजाच्या चेहऱ्याशेजारी एक वास्तू होती: गेटवे ऑफ इंडिया, कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल, रामेश्वरमचं मंदिर, कलकत्त्याचं जैन मंदिर, ताजमहाल, सुवर्णमंदिर. सातवं, आठ आण्याचं तिकीट मंडालेच्या पॅगोड्याचं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, १९३७ मध्ये वेगळा झाला. लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासामुळे मराठी घरांत माहीत असलेलं मंडाले भारताच्या तिकिटावर आलं ते असं.

आज हे संच बघताना एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. १९३५ साली गेटवे बांधून पूर्ण झाल्याला अवघी ११ वर्षं झाली होती. १९३१ च्या तिकिटावरचं कौन्सिल हाउस, म्हणजे आपलं जुनं संसद भवन, तर चारच वर्षांचं होतं. तेव्हा ती नवी कोरी सरकारी बांधकामं होती. आज दोन्ही वारसा आहेत आणि तिकीटही वारसा आहे.

संग्रहाला सुरुवात करणाऱ्यांसाठी यातून एक सोपी वाट निघते. एकच वास्तू घ्यायची आणि तिची तिकिटं कालक्रमाने लावायची. ताजमहालाचंच बघा. १९३५ ला तो राजाच्या बाजूला आहे, अडीच आण्यात. १९४९ ला राजा नाहीसा झालाय आणि किंमत पाच रुपये झालीय. २००४ मध्ये ३५० वर्षांनिमित्त पुन्हा तिकीट. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या टपाल प्रशासनाने जागतिक वारसा मालिकेत ताजमहालाची तिकिटं काढली, ती डॉलर, स्विस फ्रँक आणि युरो अशा तीन चलनांत. संयुक्त राष्ट्रांची तिकिटं फक्त त्यांच्या न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि व्हिएन्नातल्या कार्यालयांमधूनच पत्रावर चालतात. एका अल्बमच्या चार पानांत साम्राज्य, प्रजासत्ताक आणि जग, तिन्ही येतात. यासाठी फार खर्चही येत नाही.

मूर्ती उलटी छापली, तरी लखपती नाही

आता लखपतीच्या मुद्द्याकडे येऊ.

१९४९ च्या मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटात ढोबळ चूक होती. बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. मूळ मूर्तीत उजवा हात पुढे आहे, तिकिटावर डावा आला. पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, टपाल खात्याने दुरुस्त तिकीट काढलं. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली की फरक लहान मूलही सांगेल.

मग उलटं तिकीट दुर्मीळ असायला हवं ना? नाही. ते जवळजवळ वर्षभर देशभरातल्या पोस्टांतून विकलं गेलं, रोजच्या पत्रांवर लागलं. चूक आहे म्हणून महाग, हे गणित चुकीचं आहे. चूक किती प्रतींत झाली यावर सगळं अवलंबून असतं. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचं डोकं उलटं छापलं गेलं, त्याच्या जगभरात मोजक्याच प्रती शिल्लक आहेत, म्हणून ते तिकीट जगप्रसिद्ध आहे. बोधिसत्त्वाचं तिकीट कुठल्याही विक्रेत्याकडे मिळतं. संग्रहात मात्र दोन्ही हवीत, कारण जोडी असेल तरच गोष्ट कळते.

वास्तूच्या तिकिटांत चुका होण्याचं जागतिक उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या टपाल खात्याने २०१० च्या अखेरीस स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्याचं तिकीट आणलं. २०११ मध्ये उघड झालं की फोटो न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा नसून लास व्हेगासच्या एका हॉटेल-कसिनोबाहेरच्या प्रतिकृतीचा आहे. ती प्रतिकृती घडवणाऱ्या शिल्पकाराने खटला भरला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला सुमारे ३५ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. पैसे मिळाले ते शिल्पकाराला. तिकीट प्रचंड संख्येने छापलेलं असल्यामुळे संग्राहकांना ते आजही किरकोळ भावात मिळतं.

व्हायरल पोस्टमागे अनेकदा साधी फसवणूक असते. 'तुमचं तिकीट आम्ही घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा, मग कर भरा' असा प्रकार. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या बाबतीत हाच प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला होता. तिकिटांनाही तोच नियम लावायला हरकत नाही: विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा खरेदीदार खरा नसतो.

नकली मालही भरपूर आहे. रसायन लावून किंवा उन्हात ठेवून एखादा रंग उडवायचा आणि 'रंग सुटलेलं दुर्मीळ तिकीट' म्हणून विकायचं, ही जुनी युक्ती आहे. शिवाय काही देशांच्या नावाने अशी तिकिटं छापली जातात जी त्या देशाच्या टपाल खात्याने कधी काढलीच नाहीत. जगप्रसिद्ध वारसास्थळं या धंद्याच्या आवडीची, कारण ती सहज खपतात. १९६० आणि ७०च्या दशकांत अजमान, शारजा अशा अमिरातींच्या नावाने रंगीबेरंगी तिकिटांचा पूर आला होता. ती पाकिटं आजही भारतातल्या जुन्या अल्बममध्ये भरभरून दिसतात. दिसायला देखणी, किंमत जवळजवळ शून्य. २००२ पासून जागतिक टपाल संघाने अधिकृत तिकिटांना क्रमांक देणारी डब्ल्यूएनएस ही नोंदणी सुरू केली. त्यात सहभागी असलेल्या देशाचं नवं तिकीट त्या यादीत सापडत नसेल तर घेण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

तिकीट पुरेसं नाही, शिक्का हवा

तिकिटं दोन जातींची. नेहमीच्या वापराची, जी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जातात. १९४९ ची मालिका अशी होती. आणि खास निमित्ताने एकदाच निघणारी, ज्यांना विशेष किंवा स्मारक तिकिटं म्हणतात. दुसऱ्या जातीच्या तिकिटासोबत टपाल खातं एक माहितीपत्रक देतं. त्यात त्या स्थळाची माहिती असते, आणि शेवटी बारीक अक्षरात तिकीट कुठे छापलं, कुठल्या पद्धतीने छापलं आणि किती छापलं याचे आकडे असतात. बहुतेक लोक हे पत्रक फेकून देतात. खरं तर दुर्मीळतेचा पहिला अंदाज त्याच आकड्यावरून येतो.

तिकीट कोरं घ्यायचं की वापरलेलं, यावर संग्राहकांत न संपणारा वाद आहे. कोऱ्या तिकिटाला मागचा मूळ डिंक शाबूत असेल तर जास्त भाव मिळतो. वास्तूंच्या बाबतीत मात्र वापरलेलं तिकीट, तेही पाकिटावरचं, जास्त बोलकं असतं. कल्पना करा, १९५० चं पाकीट, त्यावर सहा आण्याचं गोलघुमटाचं तिकीट आणि शिक्का विजापूरचा. ते तिकीट सुटं कोरं मिळालं तर त्यात ही गंमत नाही.

नेमक्या याच कारणासाठी घरातल्या जुन्या पाकिटांवरची तिकिटं कात्रीने कापू नयेत. शाळेत बहुतेकांना हेच शिकवलं गेलं: कापा, पाण्यात भिजवा, वाळवा, चिकटवा. तिकीट वाचतं, गाव, तारीख, दर, वाट सगळं जातं.

तिकीट, जागा आणि शिक्का एकत्र आणण्याचा एक रीतसर प्रकार आहे, त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात. एक चित्रकार्ड घ्यायचं, त्याच्या चित्राच्या बाजूला त्याच विषयाचं तिकीट लावायचं आणि त्यावर त्याच जागेशी संबंधित शिक्का मारून घ्यायचा. चित्र आणि तिकिटाचा विषय एक, शिक्क्याचं ठिकाण त्या विषयाशी जोडलेलं, आणि शिक्क्याची तारीख तिकीट निघाल्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं. विषय, स्थळ, काळ, हे तिन्ही जुळले पाहिजेत. वारसास्थळांसाठी यापेक्षा नेमका प्रकार नाही, कारण वास्तू जागेवरून हलत नाही.

मुंबईकरांना तर हे घरच्या अंगणात करता येतं. २००९ मध्ये वारसा रेल्वे स्थानकांची चार तिकिटं निघाली: हावडा, चेन्नई, जुनी दिल्ली आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी टर्मिनस. हे स्थानक २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि मुंबईचं मुख्य पोस्ट, जीपीओ, त्याला अगदी लागून आहे. म्हणजे स्थानकाचं चित्रकार्ड, स्थानकाचं तिकीट आणि दोन मिनिटं चालून शिक्का. जीपीओची इमारतही साधी नाही. जॉन बेग या वास्तुविशारदाने ती आखली, १९१३ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा भव्य घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. सहा आण्याच्या तिकिटावरची वास्तू शोधत आलेला संग्राहक तिच्या नातवंडाखालीच उभा असतो.

शिक्क्यांतही एक खास जात आहे. अनेक पर्यटनस्थळांच्या पोस्टात तिथल्या वास्तूचं छोटं चित्र असलेला कायमस्वरूपी सचित्र शिक्का ठेवलेला असतो. मागितल्याशिवाय तो सहसा मारला जात नाही. सहलीला गेल्यावर जवळचं पोस्ट गाठायचं, पत्ता लिहिलेलं पाकीट द्यायचं आणि तो शिक्का मागायचा. कधी कर्मचारी कपाटात शोधायला लागतो, कधी 'साहेब आले की या' असं उत्तर मिळतं. थोडी चिकाटी लागते.

किल्ल्यांचं काय?

१९८४ मध्ये टपाल खात्याने किल्ल्यांची चार तिकिटं काढली: ग्वाल्हेर, वेल्लोर, सिंहगड आणि जोधपूर. सिंहगडाचं तिकीट दीड रुपयाचं. २०१८ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांचा संच आला, हे किल्ले २०१३ मध्येच जागतिक वारसा झाले होते. मग ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी.

या बारांत सिंहगड नाही. पुण्यातल्या संग्राहकाला हे थोडं टोचेल. ज्या किल्ल्याला चाळीस वर्षांपूर्वी तिकीट मिळालं तो यादीबाहेर राहिला. १९४९ च्या मालिकेतही असंच आहे. गोलघुमट, सुवर्णमंदिर, भुवनेश्वर आणि शत्रुंजय या चारांना तिकीट आहे, जागतिक वारसा असा शिक्का नाही. टपाल खात्याचा वारसा आणि युनेस्कोचा वारसा या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि संग्रह करायला त्यांच्यातला फरक हाच एक छान विषय आहे.

ज्या स्थळाचं तिकीट निघालेलं नाही, त्यासाठी विशेष पाकिटं असतात. एखादी वास्तू, प्रदर्शन किंवा वर्धापनदिन यानिमित्ताने टपाल खात्याचे प्रादेशिक विभाग ती काढतात. त्यांची संख्या कमी असते आणि बातमी क्वचितच होते, त्यामुळे ती हुकण्याची शक्यता जास्त.

तिकीट राहिलं, वास्तू गेली

तिकिटांनी कधी कधी वास्तू वाचवायलाही हात लावलाय. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण होणार होतं, त्यात अबू सिंबेलसह नुबियातली प्राचीन मंदिरं बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीचं आवाहन केलं. अनेक देशांनी या मंदिरांची तिकिटं काढली. आफ्रिकेतल्या काही देशांच्या तिकिटांवर टपालदराशिवाय जादा रक्कम छापलेली होती, ती या मोहिमेसाठी. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरं कापून, उचलून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली गेली. १९७६ मध्ये पाकिस्ताननेही 'मोहेंजोदारो वाचवा' अशी तिकिटं काढली, तिथल्या विटा खाऱ्या पाण्याने झिजत होत्या.

उलट उदाहरण बामियानचं. अफगाणिस्तानच्या जुन्या तिकिटांवर डोंगरात कोरलेला भव्य बुद्ध आहे. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन्ही मूर्ती स्फोटकांनी उडवल्या. तिकीट आजही अल्बममध्ये मिळतं, आणि डोंगरात आता रिकामे कोनाडे आहेत.

अल्बम मिळाला, आता?

आपल्याकडच्या हवेत तिकिटांचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नाही, दमटपणा आहे. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात तिकिटांवर तांबूस डाग पडतात, डिंक ओला होऊन तिकिटं पानाला चिकटतात. अल्बम आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवावा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडेल तेव्हा अधूनमधून सावलीत उघडून हवा द्यावी.

चिकटलेलं तिकीट ओढू नये. सेलोटेप लावू नये. आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. 'टिकावं म्हणून' लॅमिनेट करून आणलेली तिकिटं प्रदर्शनांतल्या विक्रेत्यांसमोर येतात तेव्हा त्यांना काही सांगण्यासारखं उरत नाही. हात लावायचा तर स्वच्छ चिमट्याने, कारण बोटांचा घाम दिसत नाही पण डाग सोडतो. स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खिशांपेक्षा तिकिटांसाठी बनवलेलं स्टॉकबुक थोडं महाग पडतं, तेवढा खर्च करावा.

आणि भाव विचारण्याआधी घरच्यांना विचारावं. ही तिकिटं कुणी जमवली, पाकिटं कुठून आली, ते 'पूना' शिक्क्याचं पत्र कुणाचं? ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस घरात असेपर्यंत ते पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून अल्बममध्ये ठेवता येतं.

नव्याने सुरुवात करायची तर दार अजून उघडं आहे. मुंबई जीपीओसारख्या मोठ्या पोस्टांत तिकीट संग्राहकांसाठी वेगळी खिडकी असते. किमान २०० रुपये भरून फिलाटेली ठेव खातं उघडलं की नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दीनदयाळ स्पर्श ही शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६,००० रुपयांची. त्यासाठी शाळेचा फिलाटेली क्लब किंवा स्वतःचं ठेव खातं लागतं, आणि प्रश्नमंजुषेबरोबर तिकिटांवरचा प्रकल्प करावा लागतो. महाराष्ट्राच्या टपाल विभागाचं महापेक्स हे प्रदर्शन भरतं तेव्हा तिथे संग्राहकांच्या चौकटी फुकट बघायला मिळतात. एक विषय १६ पानांत कसा मांडतात हे शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

अडचण एवढीच की तिकीट लावलेली पाकिटं घरी यायची जवळजवळ थांबली आहेत. पार्सलवर बारकोड असतो, सरकारी पत्रांवर यंत्राचा छाप. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्यामुळे आजच्या तिकिटांची खरीखुरी वापरलेली पाकिटं कमी होत चालली आहेत, आणि काही संग्राहक त्यावर जुनाच उपाय करतात. सहलीला गेले की तिथल्या वास्तूचं किंवा जवळच्या एखाद्या वारसास्थळाचं तिकीट पाकिटावर लावतात, वर आपलाच पत्ता लिहितात, आणि शिक्का मारून ते पाकीट तिथल्या लाल पेटीत टाकून येतात. आठवडाभराने ते घरी पोचतं.